गंज मॉडेल बघून खात नाही: एका १९७० च्या मॅलिबूचा हिशेब

माझ्या एका मित्राच्या लॅपटॉपवर ‘लक्ष्मी’ नावाची एक्सेल फाइल आहे. पहिली नोंद ऑक्टोबर २०२१ ची: ‘गाडी, ९,५०० डॉलर’. त्याच दिवशी त्याने शेवटच्या ओळीत ‘विक्री, ६५,०००’ असंही लिहून ठेवलं होतं आणि त्या चौकोनाला हिरवा रंग दिला होता. मधल्या ओळी तेवढ्या भरायच्या राहिल्या होत्या.

मित्र कोल्हापूरचा. वडिलांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे ऑइलचा वास त्याला घरचाच. गेली पंधरा वर्षं तो मिशिगनमध्ये, डेट्रॉईटजवळ, गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. मी त्याच भागात कॉस्टिंगचं काम करतो. रोज दुसऱ्यांच्या मालाचा उत्पादनखर्च काढायचा, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. म्हणून ही फाइल माझ्याकडे आली, आणि त्याची परवानगी घेऊनच मी ती इथे उलगडतो आहे. प्रश्न साधा आहे: गंजलेली जुनी अमेरिकन मसल कार घ्यायची, नवी करायची आणि विकायची, यात पैसा सुटतो का?

मसल कार म्हणजे काय, तर मधल्या आकाराच्या साध्या घरगुती गाडीत भलं मोठं व्ही-८ इंजिन. १९६४ साली पाँटिअॅकने टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचं इंजिन बसवून जीटीओ काढली, तिथून ही लाट उठली असं सहसा मानतात. १९७० हे तिचं शिखर. त्या वर्षी शेव्हरोलेने शेव्हेल गाडीत ४५४ घनइंचांचं, ४५० अश्वशक्तीचं ‘एलएस६’ इंजिन दिलं. पुढे विम्याचे हप्ते चढले, धुराचे नियम आले, १९७३ चं तेलसंकट आलं, आणि सगळं थंडावलं. तेव्हा ज्यांना ही गाडी परवडली नाही, ती पोरं पुढे पन्नाशी-साठीत पैसेवाली झाली. आजचे भाव त्यांनी चढवले आहेत.

त्या भावांच्या बातम्या मित्राने वाचलेल्या होत्या. २०१४ साली १९७१ ची प्लिमथ कंपनीची हेमी ’कुडा कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छताची) लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात ‘बुलिट’ सिनेमात वापरलेली १९६८ ची मस्टँग ३४ लाखांना गेली, फी धरून ३७ लाखांच्या वर. ती तर ओरखडे, पोचे आणि गंज यांच्यासकट, जशीच्या तशी विकली गेली. मालकाच्या घरात ती १९७४ साली ६,००० डॉलरला आली होती. ‘६,००० चे ३४ लाख’ हे वाचल्यावर माणूस पुढचं वाचत नाही. ती सिनेमातली गाडी होती, आणि ते सिद्ध करणारे कागद घरात होते, हे खालच्या परिच्छेदात असतं.

आपल्या लक्ष्मीला, म्हणजे मित्राच्या गाडीला, सिनेमा नव्हता आणि कागदही नव्हते. ओहायोतल्या टोलेडो शहराच्या अलीकडे एका शेतातल्या कोठारात ती उभी होती: १९७० ची शेव्हेल मॅलिबू, दोन दारांची. टायर बसलेले, डिकीत उंदरांची वसाहत, छतावर काळं व्हाइनिल. बॉनेटवर दोन रुंद पट्टे आणि जाळीवर ‘एसएस’ हे बिरुद. विकणारे आजोबा म्हणाले, “ही एसएस होती असं म्हणतात.” कोण म्हणतात, हे मित्राने विचारलं नाही. मी सोबत होतो, मीही विचारलं नाही. थंडी होती आणि आजोबांनी कॉफी दिली होती, हे काही कारण होत नाही.

त्या एका वाक्यावर हिरवा चौकोन उभा होता. एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, मोठ्या इंजिनाचं पॅकेज. १९७० साली एसएस ३९६ (हे आकडे इंजिनाच्या घनइंचांचे) सुमारे ५३,६०० निघाल्या, एसएस ४५४ पावणेनऊ हजारांच्या आसपास, आणि त्यातल्या एलएस६ फक्त ४,४७५. साधी मॅलिबू आणि एसएस यांचं अंग एकच, पण बाजारात त्या सख्ख्या बहिणी नव्हेत. सहज दुपटीचा फरक पडतो. एलएस६ असेल तर दुपटीवरही भागत नाही.

शेव्हेलची खोच अशी की तिच्या चासी नंबरवरून हा फरक कळत नाही. लक्ष्मीचा नंबर १३६३७० ने सुरू होतो. १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही-८ मॅलिबू, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, ० म्हणजे १९७०. पुढे ‘के’, म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना. एवढंच. एसएस हा ऑप्शन होता, वेगळं मॉडेल नव्हतं, म्हणून तो नंबरात उतरला नाही. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाडीला कारखान्याच्या नोंदींवरून अहवाल मिळतो, पाँटिअॅकचेही कागद मिळतात. अमेरिकेत विकलेल्या जुन्या शेव्हरोलेला तशी सोय नाही. मग उरते ‘बिल्ड शीट’: असेंब्ली लाइनवर कामगारांसाठी छापलेला कागद, जो कधी पेट्रोलच्या टाकीवर, कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सापडतो.

आमची टाकीवर सापडली. उंदरांनी निम्मी खाल्लेली, पण उरलेल्या निम्म्यात जे हवं ते होतं, किंवा खरं म्हणजे नव्हतं. एसएस ३९६ चा ‘झेड२५’ हा कोड कुठेच नाही. त्याच्या जागी ३०७ चं इंजिन, २०० अश्वशक्ती, घरगुती. मागचा अॅक्सल तपासला तर दहा बोल्टांचा, एसएसला बारा बोल्टांचा असतो. पुढे ड्रम ब्रेक, एसएसला डिस्क. आणि आत जे ३५० चं इंजिन होतं, त्याच्या ब्लॉकवरचा नंबर चासीशी जुळत नव्हता. ते कधीतरी नंतर दुसऱ्या गाडीतून काढून घातलेलं. बिरुदाची भोकंसुद्धा कुणीतरी हाताने ड्रिल मारून पाडलेली, एक दुसऱ्यापेक्षा चार मिलिमीटर वर. आजोबा खोटं बोलले नव्हते. असं म्हणत असतीलही.

म्हणजे गाडी खरेदी केल्यावर तीन आठवड्यांत, एकही नट नवा न घेता, हिरव्या चौकोनातले ६५,००० घसरून ४२,००० झाले. चांगली केलेली ३५० ची मॅलिबू आमच्या भागात तेव्हा त्या भावाने जात होती. एकेक खर्च लिहीत बसण्याआधीच या गाडीची कमाल किंमत ठरून गेली होती. पुढे कितीही चकचकीत रंग मारला तरी ती त्या रेषेच्या वर जाणार नव्हती.

आता गंजाकडे वळतो, कारण पैसा तिथे गेला.

डेट्रॉईटच्या पोटात मिठाची खाण आहे, हे इथे राहणाऱ्या पुष्कळांनाही ठाऊक नसतं. शहराखाली साधारण १,२०० फुटांवर, गेली शंभराहून जास्त वर्षं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ज्या शहराने गाड्या घडवल्या त्याच्याच पोटातलं मीठ त्यांना खातं. १९७० च्या पत्र्याला आजच्यासारखं जस्ताचं कवच नव्हतं. मिठाचं पाणी मडगार्डांच्या आतल्या कोपऱ्यात, डिकीच्या तळात, चासीच्या पोकळ नळ्यांत साचायचं आणि आतून काम सुरू व्हायचं. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं संपलेलं असायचं. व्हाइनिलचं छत म्हणजे तर ओल्या गोणपाटाखाली लोखंड ठेवण्यासारखं. मागच्या काचेखालची पट्टी हमखास जाते.

लक्ष्मीला सँडब्लास्टिंगला दिलं, म्हणजे वाळूच्या फवाऱ्याने गंज आणि जुना रंग उडवायला. जाताना ती गंजलेली गाडी होती, परत आली ती चाळणी. दोन्ही मागचे क्वार्टर पॅनल (मागच्या चाकांवरचे बाजूचे पत्रे) खालून गेलेले, आणि एकावर बोटभर जाडीची पुट्टी. डिकीचा तळ नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा नाही. काचेखालची पट्टी नाही. चासीला मागच्या चाकांच्या वर जो बाक असतो, तिथे स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. मित्राने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘जमीन दिसतीय बघ.’

इथपर्यंतचा खर्च: गाडी ९,५००, मिशिगनचा सहा टक्के कर ५७०, वाहून आणणं ३५०, ब्लास्टिंग २,४००. एकूण १२,८२०. या प्रकरणातला खरा निर्णय इथे होता. कोठारात घेतलेला तो नुसता उत्साह होता.

ज्या गॅरेजकडे अंदाज मागितला (नाव लिहीत नाही) त्याने पत्र्याच्या कामाला ३०० तास सांगितले, तासाला ९५ डॉलर. म्हणजे २८,५००. नवे पत्रे ५,६००, रंग १४,०००. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग, सीटा, क्रोम, काचा, रबर धरून आणखी २४,०००. पुढचा खर्च ७२,१००, हातात येणारी गाडी ४२,००० ची.

‘आधीच साडेबारा हजार घातलेत, आता सोडू कसं’ हे वाक्य त्याने उच्चारलं आणि मी त्याला थांबवलं. ते १२,८२० गेले. कुठलाही रस्ता धरला तरी ते परत येणार नाहीत, म्हणून ते कुठल्याच रस्त्याच्या हिशेबात धरायचे नाहीत. आज विकलं तर काय मिळतं तेवढंच बघायचं. आज मिळत होते ४,५००. हीही गंमत बघा: गंजाने झाकलेली आख्खी गाडी ९,५०० ला गेली होती, आणि २,४०० खर्चून साफ केलेला सांगाडा निम्म्यालाही जात नव्हता, कारण आता भोकं दिसत होती. अंधारात माणसं आशेची किंमत देतात.

तर पर्याय एक: विकून मोकळं व्हायचं, नुकसान ८,३२०. पर्याय दोन: गॅरेजला द्यायचं. आणखी ७२,१०० घालून गाडीची किंमत ४,५०० वरून ४२,००० वर न्यायची, म्हणजे ३७,५०० वाढवायला त्याच्या जवळपास दुप्पट खर्च. माझ्या कंपनीत असा प्रस्ताव कुणी आणला तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही.

मी पहिल्या पर्यायाच्या बाजूने होतो आणि आजही आहे. पण त्या रात्री मी वेगळीच एक गोष्ट मांडून पाहिली. समजा आजोबांचं ‘म्हणतात’ खरं निघालं असतं, आणि झेड२५ छापलेली शीट सापडली असती. पत्र्याचं काम? तेच ३०० तास. रंग? तोच. चार दारांची शेव्हेल असती तरी साधारण तेवढंच, एलएस६ असती तरी तेवढंच. गंज मॉडेल बघून खात नाही. खर्च ठरतो तो लोखंड किती गेलं यावर, आणि किंमत ठरते ती कागदावर काय छापलंय यावर. दोघांची एकमेकांशी ओळखही नाही. ज्या गाडीत या दोन आकड्यांमध्ये पुरेसं अंतर असेल तिथेच पैसा सुटू शकतो.

मग गंजलेली, पण कागद असलेली एलएस६ शोधावी? शोधावी, पण ती ९,५०० ला मिळत नाही. विकणाऱ्याकडेही फोन आहे, लिलावांचे निकाल त्यालाही दिसतात. होणारा नफा तो आधीच किमतीत धरून मोकळा होतो. उरतं ते विकणाऱ्याचं अज्ञान, आणि अज्ञान तर आता कोठारांतही मिळेनासं झालंय. शिवाय गंजाला एक दुसरी किंमत असते. अर्धा पत्रा बदलला की घेणारा विचारतो, मूळ गाडी उरली किती? काही मॉडेलांचे तर आख्खे नवे सांगाडेच आता तयार मिळतात. सगळं नवं घातलं तर जुनं म्हणून उरते ती चासी नंबरची पट्टी, आणि ती एका गाडीची काढून दुसरीला लावणं हा अमेरिकेत फौजदारी गुन्हा आहे.

मित्राने तिसराच पर्याय काढला. “वेल्डिंग मी शिकतो की,” तो म्हणाला. माझा चेहरा बघून वहिनी हसल्या. त्यांना माहीत होतं तो करणार.

जवळच्या कम्युनिटी कॉलेजात त्याने संध्याकाळचा वर्ग लावला. पहिले दोन महिने पातळ पत्र्याला नुसती भोकं पाडली. कोल्हापूरला काकांना व्हिडिओ कॉल लावून वेल्ड दाखवायचा. काका म्हणायचे, “हे गुळवणी सांडल्यागत दिसतंय. करंट कमी कर.” फ्लोअर, डिकीचा तळ आणि चासीचा बाक त्याने स्वतः केला, चासीच्या कामावर जाणत्या माणसाची नजर मात्र ठेवली, कारण तिथे चूक झाली तर प्रश्न पैशांचा राहत नाही. क्वार्टर पॅनल, काचेखालची पट्टी आणि दारांच्या फटी गॅरेजला दिल्या. ९६ तास, ९,१२०. हे सगळं तीन हिवाळे चाललं. मध्ये गॅरेजने गाडी चार महिने नुसती उभी ठेवली, कारण विम्याची कामं पटकन पैसे देतात आणि जुन्या गाड्या कोपऱ्यात थांबतात. त्यावर चिडून उपयोग नसतो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

बाकीच्या ओळी भराभर सांगतो. पत्रे ५,६००, चासीचे तुकडे आणि सामान १,१५०, रंग (प्रदर्शनाचा नव्हे, रस्त्यावर चालवण्याजोगा) ९,५००, इंजिन ५,२००, गिअरबॉक्स १,६००, ब्रेक-सस्पेन्शन-टायर ४,३००, वायरिंग १,१००, आतलं सीटकाम ३,४००, क्रोम-काचा-रबर ३,९००. वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर आणि वर्गाची फी २,६५०. आणि एक ओळ नुसती ‘बारीकसारीक’ नावाची: बोल्ट, क्लिपा, गॅस, डिस्क, टपालखर्च. २,३१०. अंदाजपत्रकात ही ओळ कधीच नसते. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही प्रकल्पातही नसते.

पुढचा खर्च ४९,८३०. मागचे १२,८२० मिळवले की ६२,६५०.

तासांची नोंद त्याने वेगळ्या पानावर ठेवली होती: ८७०. मी खोडसाळपणे ते गॅरेजच्या ९५ ने गुणून पाहिले. ८२,६५०. पूर्ण गाडीपेक्षा तिच्यातली मजुरी जास्त. अर्थात गॅरेजच्या डेंटरने हे काम निम्म्या वेळात केलं असतं, त्यामुळे हा आकडा न्याय्य नाही. पण शून्यही न्याय्य नाही, आणि ‘मी घरीच केलं, मजुरी वाचली’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हिशेबात तिथे शून्य असतं. त्या पैशांचं चार वर्षांचं व्याजही मी धरलेलं नाही. विमा आणि गॅरेजची जागाही नाही. करखात्याचंही ऐकून ठेवा: स्वतःच्या वापरातली वस्तू नफ्यात विकली तर अमेरिकेत त्यावर कर द्यावा लागतो, तोट्यात विकली तर तो तोटा वजा करता येत नाही.

ज्या महिन्यात लक्ष्मीवर रंग चढला, त्याच महिन्यात ओहायोत तशीच एक १९७० ची मॅलिबू विकायला आली. ३५० इंजिन, पूर्ण केलेली, आमच्यापेक्षा सरस. मागणी ३९,५००. सोबत पावत्यांची जाड फाइल, बेरीज सत्तर हजारांच्या पुढे. तीस हजारांचा तोटा त्या अनोळखी माणसाने आधीच सोसलेला होता, घेणाऱ्याला फक्त चेक लिहायचा होता. जुनी गाडी हवी असेल आणि पैशाचंही भान ठेवायचं असेल, तर मला एवढाच रस्ता दिसतो: दुसऱ्याने हौसेने केलेली, त्याची हौस फिटल्यावर घ्यावी. पत्रा कोरड्या राज्यातला असेल, अॅरिझोनाकडचा वगैरे, तर दोन हजार जास्त द्यावेत. ते दोन हजार म्हणजे न केलेल्या वेल्डिंगचे तास आहेत. मी ती जाहिरात मित्राला पाठवली. त्याने अंगठा पाठवला.

ऑगस्ट २०२५ मध्ये तो लक्ष्मीला घेऊन वुडवर्ड ड्रीम क्रूझला गेला. वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५ पासून ऑगस्टमध्ये भरणारी ही जुन्या गाड्यांची जत्रा. देवीच्या यात्रेला बैलगाड्या येतात तशा गाड्या येतात आणि लोक खुर्च्या टाकून कडेला बसतात. मीही खुर्ची टाकून बसलो होतो. सत्तरीच्या घरातला एक माणूस आला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून फ्लोअरखाली पाहिलं. “एसएसचं बिरुद लावलं नाहीस?” त्याने विचारलं. मित्र म्हणाला, “एसएस नाहीये ती.” त्या माणसाने मान डोलावली आणि ३६,००० सांगितले.

मी मनात वजाबाकी केली: २६,६५० चा तोटा, तासांचे शून्य धरून. मी म्हटलं, दे. बाजारातले खरे हौशी आता सत्तरीत आहेत, त्यांच्यामागून येणाऱ्यांच्या भिंतीवर या गाड्यांची चित्रं नव्हती. दहा वर्षांनी हा आकडा मिळेलच असं नाही. मित्राने नंबर घेतला आणि कळवतो म्हणाला.

मागच्या आठवड्यात फाइल पुन्हा माझ्याकडे आली. विक्रीच्या चौकोनातला हिरवा रंग काढलेला आहे, आकडाही नाही. त्याच्या वर एक नवी ओळ आहे: ‘हिवाळा, गॅरेजचं भाडं आणि बॅटरी चार्जर, ६४०’.